तिसरं नको

आमच्या सेलूचे डोमाजी आचारी पंगतीत वाढताना कोणाच्या तोंडाकडे पाहत नसत, हाताकडे पाहत. तोंड काय, ‘नको’ म्हणणारच. आपल्याकडे पानावर बसलेल्या माणसाने पहिल्याच विचारण्याला ‘हो, वाढा’ म्हटलं, तर ह्याला घरी जेवायला मिळत नाही की काय अशी शंका शेजारच्या पानाला येते. म्हणून सगळे नको म्हणतात आणि सगळ्यांना हवं असतं. त्यातलं खरं-खोटं ओळखणं हा डोमाजींचा धंदा. स्वयंपाक काय, दुसराही कोणी करील, असं ते स्वतःच म्हणत.

त्यांचं त्यावर एक शास्त्रच होतं. मी एकदा विचारलं, तेव्हा बुंदीचा झारा खाली ठेवून त्यांनी मला ते सांगितलं होतं.

“पाहा वहिनीबाई, नको तीन राह्यते. पयलं नको लाजेचं. हात पानाच्या वर येते, पन बोटं उघडी राह्यते. त्या फटीतून बुंदी जाते बरोबर. दुसरं नको मानाचं. हात पानाले टेकते, पन मानूस डोळ्यानं वर पाह्यते, वाढप्या गेला का उभा आहे म्हनून. तिसरं नको पोटाचं. तवा मानूस पुराच आडवा होते पानावर. तिथं वाढलं तं पाप.”

हे मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. रोज देवपूजा झाली, अध्याय वाचून झाला, की वर ‘श्री’ काढून चार ओळी लिहायच्या, हा माझा लग्नापासूनचा नेम आहे. नैवेद्याला काय केलं, कोण आलं, कोण गेलं. आमचे हे म्हणतात, देवाला सगळं माहीत आहे, त्याला रिपोर्ट कशाला? हे शाळेत मास्तर आहेत. मुलं समोर बसलेली दिसत असतानाही रोज हजेरी घेतात, ते चालतं.

डोमाजींची चूक म्हणाल तर आयुष्यात एकच. त्र्याहत्तर साली तळेगावच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाचं दुसरं नको ते तिसरं समजले आणि जिलेबीची परात घेऊन पुढच्या पानावर गेले. मामा ताडकन उठले. “मले विचारलंच नाई!” पंगत अडली, बाजा थांबला, नवरीच्या बापाने पागोटं काढून मामाच्या पायावर ठेवलं, तेव्हा कुठे मामा बसले आणि नऊ जिलेब्या खाल्ल्या. त्यानंतर महिनाभर डोमाजींनी एकही लग्न घेतलं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून नानाजींचं घर. कापसाचे मोठे अडते. त्यांची बायको मंदाबाई आणि मी, आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन ह्या गल्लीत आलो. तिच्या नलूच्या बारशाला डोमाजींनी पंगत वाढली, आणि मग पोरीला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर सांगितलं, “हिच्या लग्नाची पंगत वाढीन आन मंग झारा ठेवीन. त्याच्या पुढं नाई.” तेव्हा त्यांचे गुडघे चांगले होते, म्हणून लोक हसले. पण डोमाजी ते विसरले नाहीत. नलू शाळेत गेली, कॉलेजात गेली, आणि डोमाजी दर दिवाळीला मंदाबाईला विचारून जात, “पोरीचं कुठं पाहून राह्यले का नाई?” सख्ख्या आत्यालाही इतकी घाई नव्हती.

शहाऐंशी साली नलूचं जमलं. मुलगा नागपूरचा, इंजिनिअर. डोमाजी चौसष्टचे झाले होते आणि गुडघ्यांना एरंडेल चोळत होते. निरोप येताच ते धुतलेलं धोतर नेसून नानाजींच्या ओसरीवर हजर झाले. मी मंदाबाईकडे पापड लाटायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

नानाजी म्हणाले, “डोमाजी, जवाई मोठे शौकीन आहेत. पाहुनपनाले आले तवा सांगत होते, दर शनिवारी बर्डीवर जाऊन पिझ्झा खाते म्हने.”

“पिंजा?” डोमाजी म्हणाले. “कापूस पिंजते, थो?”

“पिंजा नाई हो, पिझ्झा. खाची वस्तू आहे. वरपक्षाचं पयलं खानं पिझ्झ्याचं ठेवाचं, असं माह्या मनात आहे. सेलूवाले मांगं नाईत, हे नागपूरले समजलं पाह्यजे. तुमाले जमत असन तं सांगा. नाई तं नागपूरचा केटरर सारंच करून देतो म्हनते, जेवनासकट.”

“पंगत थो वाढन?”

“त्याच्यात पंगत नाई राहत. काउंटर राह्यते. ज्याले पाह्यजे थो जाते, घेते, उभ्यानं खाते.”

डोमाजींनी ओसरीच्या खांबाला हात टेकला. बावीस वर्षं धरून ठेवलेली पंगत त्या खांबाशी सुटायला आली होती. मग ते म्हणाले, “जमते.”

बाहेर आल्यावर मला हळूच विचारलं, “वहिनीबाई, पिझ्झा म्हंजे काय जी?”

मी मासिकात चित्र पाहिलं होतं. लाल भाकरीसारखं काहीतरी, एवढंच सांगता आलं. मग ठरलं की डोमाजींनी नागपूरला जाऊन पाहून यावं, आणि मीही सोबत जावं. डोमाजींना लिहिता येत नव्हतं, कृती कोणीतरी उतरवून घ्यायला हवी होती. दुसरं कारण मंदाबाईने सांगितलं. त्यात अंडं-बिंडं असलं तर मला वासावरून कळेल. “विमलाबाईनं खाल्लं आन तिले काही झालं नाई, म्हंजे वऱ्हाडाले चालते.” पंचवीस वर्षं सोवळं सांभाळल्याचा हा असा उपयोग झाला.

गुरुवार नको, एकादशी नको, असा बुधवार पाहून आम्ही एसटीने निघालो. मी डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. आमचे हे म्हणाले, “खायला चाललात ना? मग डबा कशाला?” पुरुषांना सगळं नंतर कळतं.

सीताबर्डीवर ते दुकान एका जिन्याच्या बाजूला होतं. आत खुर्ची एक नाही. छातीएवढे उंच टेबल, त्यांच्याभोवती माणसं उभी, आणि समोर काचेचा लांब काउंटर. काचेच्या आत पिवळ्या दिव्याखाली ताटाएवढी एक जाड भाकर, वर लाल, त्याच्यावर पांढरं. तिचे तीन तुकडे आधीच कोणी नेलेले. मला पहिल्यांदा हेच खटकलं. एका भाकरीतून अनोळखी आठ जणांनी खायचं, आणि कोणाच्या आधी कोणी घेतलं हेही माहीत नाही, ह्याला उष्टं म्हणावं की नाही? पोथीत ह्याचा खुलासा नाही. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि रांगेत उभी राहिले.

काउंटरच्या मागे कागदी टोपी घातलेली एक मुलगी होती. वीस-बावीसची, आमच्या नलूएवढी. फार चटपटीत.

“हां काकाजी, बोलो. क्या देऊ?”

डोमाजींनी दोन्ही हात छातीपाशी धरले. “नाई नाई बाई, काही नको. आमी आपले असेच आलो.”

हे पहिलं नको. बोटं सताड उघडी. सेलूतल्या कोणत्याही घरी ह्यानंतर निदान चहा तरी आलाच असता.

“ठीक है,” ती मुलगी म्हणाली आणि डोमाजींच्या खांद्यावरून मागे पाहिलं. “हां, आप?”

आम्ही बाजूला झालो. डोमाजींच्या चेहऱ्यावर रंग राहिला नव्हता.

“गेली ना जी,” ते म्हणाले.

“कोण?”

“पोरगी. पयल्याच नकोले गेली.”

“गर्दी आहे. तिच्या लक्षात नसेल आलं.”

ते त्यांना पटलं. आम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला लागलो. दहा मिनिटांनी पुन्हा समोर.

“हां काकाजी, एक स्लाइस दू?”

“एक कायले? नको. उगाच आपला चाखाले म्हनून अर्धा.”

“आधा नहीं आता.”

“मंग राहू द्या.” डोमाजींचा हात काचेला टेकलेला, डोळे वर. दुसरं नको कसं असतं हे कोणाला शिकवायचं असेल, तर ह्याहून चांगला नमुना मिळाला नसता.

“नेक्स्ट!” ती मुलगी म्हणाली.

आता मात्र मी पदर खोचला. तिसऱ्यांदा रांगेत मी पुढे झाले. स्पष्ट बोलायचं, असं ठरवूनच.

“बाई, ह्याच्यात अंडं असतं का?”

“नहीं काकू, प्युअर व्हेज. मैदा है, टमाटर है, उपर से चीज है.”

“कौनसी चीज?”

“चीज.”

“हां, पर कौनसी?”

मागचा कॉलेजातला मुलगा फिस्सकन हसला. “काकू, दुधाचं असते ते. पनीरच्या भावासारखं.” मला हायसं वाटलं. दुधाचं असेल तर भाऊ काय, बहीण काय.

“तो दो दू?” मुलगी म्हणाली.

आणि देवाशप्पथ सांगते, माझं मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, “नको नको, एक बस.”

तिने एक दिला.

कागदाच्या बशीत एक तुकडा आणि आम्ही दोघं. तोंड लावायच्या आत वाटून घेणं भाग होतं. डोमाजींनी मध्येच मोडला आणि आपला भाग ओढला, तर वरच्या पांढऱ्याची तार निघाली. ते एक पाऊल मागे गेले, तार वाढली. आणखी एक पाऊल गेले, तरी तुटेना. दुकान पाहायला लागलं. डोमाजी मात्र पहिल्यांदाच खुलले.

“वहिनीबाई, लिहा. पाक एकतारी नाई, दोनतारी नाई. हा तं सातबाऱ्यासारखा लांबतच जाते.”

उभ्याने खाणं मला जन्मात जमलेलं नाही. मी बशीभोवती पाणी फिरवायला गेले, तर पाणीच नव्हतं. पाणी वेगळं मागायचं होतं म्हणे. मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले आणि घास घेतला. चांगला होता, खोटं कशाला लिहू. आंबट-खारट, खाली भाकर मऊ. डोमाजी डोळे मिटून चावत होते आणि बोलत होते, मी वहीत उतरवत होते. “मैदा, आंबवलेला. दही नाई, पावाचं खमीर आहे. टमाटे शिजवून गाळले. कांदा जराक लवकर टाकला ह्यानं. ओवा पाह्यजे होता. हे काई मोठं काम नाई जी, गोवऱ्यावर भाजते थो रोडगा आहे हा, पायाखाली दाबलेला.”

खाऊन झालं. आम्ही बशी धरून उभे राहिलो. डोमाजी काउंटरकडे पाहत होते. मला माहीत होतं ते कशाची वाट पाहत आहेत, कारण मीही त्याच आग्रहाची वाट पाहत होते. एवढ्यात ती मुलगी फडकं घेऊन आली.

“हो गया ना काकाजी?”

“हो,” डोमाजी म्हणाले. तिने बशी उचलून नेली.

बसस्टँडवर मी डबा उघडला, चार दशम्या त्यांच्यासमोर धरल्या. ते नको म्हणाले. मी ठेवल्या. तेव्हा कुठे त्यांना आपण माणसांत आलो असं वाटलं असावं.

“पोरगी वाईट नाई,” पाणी पिऊन ते म्हणाले. “पन एका खेपेलेबी ‘घ्या’ म्हने ना. काउंटर म्हंजे काय, समजलं मले. वाढप्याले एका जाग्यावर खिळा मारून ठेवाचं आन जेवनाऱ्याले फिरवाचं.”

पिझ्झा त्यांना आठ दिवसांत जमला. पावाच्या भट्टीवर जाऊन त्यांनी तो करून पाहिला, चीज नागपूरहून मागवलं, ओवा टाकला. पहिला बरा निघालेला माझ्याकडे आणून दिला. देवापुढे ठेवताना माझा हात जरा अडखळला. पण देव कधी नको म्हणत नाही आणि कधी घेतही नाही. त्याच्यासारखा सोयीचा पाहुणा नाही.

अडलं ते काउंटरवर. डोमाजी नानाजींना म्हणाले, “पिझ्झा करतो. पन वाढीन पानावर.”

“मंग त्याच्यात नवं काय राह्यलं?” नानाजी म्हणाले. “काउंटरच पाह्यजे, आन तुमी त्याच्या मांगून हलाचं नाई. जवाई दर शनिवारी उभ्यानं खाते.”

“बर्डीवर थो गिऱ्हाईक आहे जी. इथं जवाई आहे.”

“तुमाले जमत नाई असं म्हना ना सरळ. मी केटररले कळवतो.”

“जमते,” डोमाजी म्हणाले. त्या एका शब्दाने त्यांचा किती छळ केला!

काउंटरवर पाटी हवी, असं नानाजींच्या मनात आलं. मजकूर लिहायला मी. गल्लीत शुद्ध मराठी माझंच, असा माझाही समज. मी विचार करून लिहिलं: ‘पिझ्झा. कृपया मागून घ्यावा.’ आमच्या ह्यांनी पाहिलं, ह्रस्व-दीर्घ बरोबर आहे म्हणाले. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी निळ्या रंगात रंगवलं आणि चारही कोपऱ्यांत गुलाब काढले.

लग्न मे महिन्यात, कापसाच्या जिनिंगच्या पटांगणात झालं. सरकीचे ढीग हलवून मांडव घातला होता. लग्न लागलं, मंगलाष्टकं संपली, आणि वरपक्षाची चाळीस माणसं मांडवाच्या पुढच्या भागात खुर्च्यांवर बसली. समोर शाळेची चार बाकं जोडून केलेला काउंटर, पांढरी चादर, वर माझी पाटी. मागे डोमाजी. नानाजींनी त्यांच्यासाठी नागपूरहून उंच पांढरी टोपी आणली होती. ती घालून ते अशा चेहऱ्याने उभे होते की जणू त्यांचाच फोटो काढून भिंतीला लावला आहे.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोणी उठेना. पंखा सुरू, पिझ्झे गार होत चाललेले. वरपक्ष समोर पाहत होता. दर शनिवारी बर्डीवर उभ्याने खाणारे जावई हनुवटी वर करून, हात मांडीवर ठेवून असे बसले होते की पिझ्झा हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा.

उठली ती फक्त मुलं. वरपक्षाची सहा-सात पोरं पाटीजवळ आली, एकाने मोठ्याने वाचलं, आणि सगळी बाकांना वळसा घालून डोमाजींच्या मागे जाऊन उभी राहिली.

“इकडं कुठं रे?” डोमाजी म्हणाले.

“मागून घ्यायचं लिहिलंय,” एक पोरगी म्हणाली आणि तिने मागूनच हात घातला.

मी बायकांच्या बाजूला उभी होते. मला एकदम कळलं की माझ्या शुद्ध मराठीत दोन अर्थ आहेत. मुलांना बिचाऱ्यांना त्यातला चांगला सापडला होता.

दुसरा सापडला बापूरावांना. हे नवरदेवाचे मोठे काका, भारदस्त, खांद्यावर जरीचं उपरणं. त्यांनी चष्मा लावला, पाटी वाचली, चष्मा काढला.

“मागून घ्यावा,” ते हळू म्हणाले. मग मोठ्याने. “मागून! म्हंजे आमी मागाचं? पोरीवाल्याच्या मांडवात येऊन बशी घेऊन मागाचं?”

ते उठले. त्यांच्याबरोबर आजूबाजूच्या दहा-बारा खुर्च्या सरकल्या. नानाजी धावत गेले. “तसं नाई हो व्याहीबुवा, मागून म्हंजे...” आणि तिथेच थांबले, कारण मागून म्हणजे काय हे त्यांनाही सांगता येईना. मंदाबाईने माझ्याकडे पाहिलं. एका गल्लीत पंचवीस वर्षं काढली, पण तिने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे बोहल्याजवळ नलू पिवळ्या शालूत उभी होती. तिने खाली मान घातली होती.

नानाजी काउंटरकडे वळले. “डोमाजी, काही करा ना!”

“मले जागा सोडता येत नाई जी,” डोमाजी म्हणाले. “तुमीच म्हनलं.”

“सोडा हो! सोडा एकदाची!”

डोमाजींनी टोपी काढून बाकावर ठेवली. परात भरली, तुपाचा तांब्या घेतला, आणि वळून आपल्या वाढप्यांना ओरडून सांगितलं, “सतरंज्या टाका! पानं मांडा!” मग लंगडत बापूरावांच्या समोर जाऊन उभे राहिले.

“घ्या जी.”

“नको.”

डोमाजींनी सवयीने हाताकडे पाहिलं, आणि मी पाहिलं की ते घाबरले. बापूरावांचे दोन्ही हात उपरण्याच्या आत होते. हे पहिलं की दुसरं की तिसरं, काही कळायला मार्ग नव्हता. तळेगावचे मामा त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले असणार.

“एक तुकडा, पोरीच्या नावाचा.”

“नको म्हनलं ना.”

डोमाजींनी परात खाली ठेवली आणि स्वतः बापूरावांच्या पायाशी जमिनीवर बसले. त्या गुडघ्यांनी बसणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं.

“मले वाचता येत नाई जी,” ते म्हणाले. “पाटीवर काय लिवलं, मले काई माहीत नाई. मी वाढप्या आहो. बावीस साल झाले, ह्या पोरीची पंगत वाढाची म्हनून थांबलो आहो. तुमी गेले तं मी वाढू कोनाले?”

डोमाजी उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. एक गुडघा टेकला, दुसरा निघेना. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा म्हणून बापूरावांनी उपरण्यातून उजवा हात बाहेर काढला आणि पुढे केला.

हात आला, आणि बोटं उघडी होती.

डोमाजींनी तो हात धरला नाही. परातीतला तुकडा उचलून त्या हातावर ठेवला.

क्षणभर बापूरावांना कळेना, आपण काय दिलं आणि काय घेतलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसले. बाकीच्यांनी पाहिलं की हे हसत आहेत, म्हणून तेही हसले. “लेकाचा भारीच आहे हा आचारी,” बापूराव म्हणाले, आणि स्वतःच डोमाजींना काखेत धरून उठवलं. मग सतरंजीवर बसले.

पुढे पंगत झाली ती खरी. पिझ्झा पळसाच्या पानावर, त्यावर तुपाची धार, बाजूला लिंबाचं लोणचं. डोमाजी वाकून वाकून वाढत होते, “घ्या जी, तुमाले माही आन आहे.” जावयांनी चार तुकडे खाल्ले आणि प्रत्येक वेळी नको इतकं छान म्हटलं की नलू चांगल्या घरी पडली, ह्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. शेवटी बापूराव पानावर पुरते आडवे झाले. डोमाजींनी त्यांना हात जोडले आणि पुढे गेले.

कोणीतरी पाटी उलटी करून त्यावर पाण्याचे ग्लास मांडले होते. नानाजी पाहुण्यांना सांगत होते, “आमच्याकडचं काउंटर असंच राह्यते. चालतं-फिरतं.”

डोमाजींनी शब्दाप्रमाणे त्या दिवशी झारा धुऊन वर टांगला. पण गोष्ट तिथे संपली असती तर ती आपल्या लोकांची गोष्ट कशी झाली असती? नलूच्या लग्नातल्या तूप घातलेल्या पिझ्झ्याची बातमी तालुकाभर गेली. आठव्या दिवशी एक पाहुणा आला, “आमच्या पोरीचं लग्न आहे.” डोमाजी म्हणाले, नको. पाहुणा हसला आणि चहा मागवून बसला. पुन्हा नको. पाहुणा म्हणाला, “तुमचं शास्त्र आमाले माहीत आहे. हे दुसरं झालं.” डोमाजी कळवळून म्हणाले, “अहो हे तिसरं आहे, पोटाचं आहे!” कोणी विश्वास ठेवीना. पुढच्या वर्षभरात त्यांनी अकरा लग्नं केली, सगळी पिझ्झ्याची. त्यांच्या वांग्याच्या भाजीचं नाव कोणी काढलं नाही, आणि जन्मभर पंगतीची शान राखणाऱ्या माणसाला लोक ‘पिझ्झेवाले डोमाजी’ म्हणायला लागले.

सत्याऐंशीच्या कार्तिकात ते नलूला भेटायला नागपूरला गेले होते. परत आल्यावर ओसरीवर येऊन बसले. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाले, “वहिनीबाई, कोनाले सांगू नका. मी बर्डीवर गेलतो. त्या दुकानात.”

“बरं मग?”

“मागून खाल्लं.”

“मागून?”

“समोरून जी. समोर उभं राहून मागून खाल्लं. तीच पोरगी होती. म्हने, क्या देऊ? म्हनलं, दोन दे.”

“आणि लाज नाही वाटली?”

“वाटली ना. पन खाऊन झाल्यावर तिनं इचारलं, और एक? मी म्हनलं, नको.” डोमाजींच्या तोंडावर इतकं समाधान मी पंगतीतही कधी पाहिलं नव्हतं. “एकाच नकोत सोडलं तिनं मले. एकाच नकोत! असं मानूस सेलूत नाई सापडत आता.”

जेवायची वेळ झाली होती. मी आत जाऊन पान घेतलं आणि वरण-भात वाढायला लागले. ते नको म्हणाले. हात पानावर होता की पानाच्या वर, ते मी पाहिलं नाही. मी वाढला.